परीक्षणार्थ, देवरी ४४१९०१

पहाटे ५.३०
परीक्षणाची पुस्तकं मी या वेळेला वाचतो, कारण दहानंतर मी माझा राहत नाही. तहसीलकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि हा नोव्हेंबर आहे, धान निघालेलं आहे.

आज हातात झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांवरची कादंबरी. प्रस्तावना, शुभेच्छा, मनोगत, ऋणनिर्देश ओलांडून थेट पहिल्या प्रकरणावर जातो. आपल्याकडे लेखकाच्या आधी दोन-तीन थोर माणसं बोलून घेतात आणि त्यांतल्या किती जणांनी पुस्तक वाचलं असेल, ही शंका मनातून जात नाही. प्रस्तावना मी सगळ्यात शेवटी वाचतो.

कादंबरी चांगली आहे. वडशाच्या कंपनीतला पेटीवाला, मंडईच्या जत्रेची रात्र, उजाडेपर्यंत चाललेला प्रयोग, तिकिटाच्या पैशांवरून विंगेत झालेली खडाजंगी. हे सगळं पाहिलेल्या माणसानंच लिहिलंय. खटकते ती भाषा. म्हातारी एका पानावर 'मले' म्हणते आणि पान उलटलं की 'मला'. लेखक घसरला की मुद्रितशोधकानं तिला 'सुधारलं', कोण जाणे. पण डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश करून ठेवला आहे, या बोलीची साहित्य संमेलनं भरतात. आता ही हयगय खपवून घ्यायचं कारण नाही. पानांचे आकडे पेन्सिलीनं मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवतो.

१०.००
शटर वर. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, प्रत्येकाची प्रत. धान खरेदी केंद्रावरच्या नोंदणीसाठी रांग लागलेली. दीड-दोन तास मान वर होत नाही.

११.४५
टपाल. डिसेंबर २०२४मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं तेव्हा लहान प्रकाशकांची पाकिटं येणं कमी झालं. कुरियरचा खर्च पुस्तकाच्या नफ्यापेक्षा जास्त. १ मे २०२५पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर. कवितासंग्रह तेवढ्यात बसतो. म्हणून सध्या कवितासंग्रहच जास्त येतात, असं मी म्हणतो. बायको म्हणते, ते आधीही जास्तच यायचे.

आजच्या पाकिटातही तोच. आतल्या पानावर 'परीक्षणार्थ सप्रेम' असा शिक्का, सोबत चिठ्ठी: आपण दोन शब्द लिहावेत. १९५४च्या कायद्यानं प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे प्रत पाठवावी लागते. देवरीला पाठवायची सक्ती कुणाची नाही, तरी लोक पाठवतात. त्यामागची आशा कळते, म्हणूनच लिहिताना हात अडतो.

पाकीट फोडत होतो तर चिचगडकडचे एक काका काउंटरला टेकून बघत उभे.

"काजी भाऊ, येवढे पुस्तकं इकाले आनले का?"

"नाही जी, वाचाले आले."

"मंग वाचाचे पैसे भेटतेत?"

"पुस्तकच भेटते."

त्यांनी पुस्तक उलटवून किंमत पाहिली. २५० रुपये. "दहा किलो धान झाले जी हे," म्हणाले आणि झेरॉक्सचे पैसे देऊन गेले.

हिशेब जवळजवळ चोख होता. २०२५-२६च्या हंगामाला साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला होता. अठ्ठ्याऐंशी पानं, त्यांतली निम्मी कोरी. दहा किलो धान देऊन हे घ्या, असं मी त्या काकांना तोंडावर सांगेन का? माझं परीक्षण एवढ्या एका प्रश्नावर चालतं. बाकी 'संवेदनशील मनाचा हुंकार' वगैरे शब्द मलबार हिलच्या बंगल्यापासून माजी मालगुजारी तलावाच्या पाळीपर्यंत कुठल्याही संग्रहाला चिकटवता येतात.

२.१०
जेवताना एका कवीचा फोन. "सर, वाचलं का?" वाचलं होतं. मागच्या महिन्यातलं पुस्तक. पावसाच्या कविता बऱ्या आहेत, आईच्या कविता दुसऱ्यांच्या वाटतात, असं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "तेवढं आईचं लिहू नका." जिल्ह्यातले सगळे लिहिणारे एकमेकांना ओळखतात, संमेलनात जेवायला एकाच पंगतीत बसतात. लिहीन म्हणालो, सौम्य लिहीन.

४.३०
गिऱ्हाईक कमी. गोंडी कवितांची एक वहीवजा पुस्तिका कधीची पडून आहे, देवनागरीत, समोरच्या पानावर मराठी. याच जिल्ह्यात कचारगडाच्या परिसरात राहून उषाकिरण आत्राम यांनी गोंडी-मराठीत लिहिलं, त्यांच्या 'म्होरकी' या कवितासंग्रहामुळे ही वाट अनेकांना दिसली. मला गोंडी कानानं कळते, डोळ्यांनी नाही. शेजारच्या हॉटेलात भजी तळणाऱ्या बाईंची ती घरची भाषा. त्यांना एकेक कविता वाचून दाखवली. दोनदा हसल्या, एकदा म्हणाल्या, "असं आमच्यात कोनी बोलत नाही." मराठी पान वाचून मला नेमकी तीच कविता आवडली होती. परीक्षणात दोन्ही मतं जातील.

८.००
कादंबरीवर लिहायला बसलो. १९६२ साली वसंत दावतरांनी समीक्षेलाच वाहिलेलं 'आलोचना' हे नियतकालिक काढलं, तिथं एका पुस्तकावर ऐसपैस लिहिता यायचं. मला रविवार पुरवणीत अडीचशे शब्द मिळतात. त्यात कथानक सांगत बसलो तर बाकी काही उरत नाही. म्हणून पेटीवाला एका वाक्यात, तिकिटाच्या भांडणाचा प्रसंग चार ओळींत, 'मले-मला'चा घोळ पानांच्या आकड्यांसह. शेवटी पानं, किंमत आणि प्रकाशकाचा फोन, कारण देवरीतल्या दुकानात गाईड आणि वह्या मिळतात, कादंबरी मागवावी लागते. काकांना ही घ्यायला सांगेन. मंडई त्यांनी चुकवली नसणार.

१०.१५
मजकूर मेलनं गेला. वाचून झालेल्या पुस्तकांची पिशवी उद्या आश्रमशाळेत द्यायची आहे. तिथल्या मुलांचं परीक्षण माझ्यापेक्षा कडक असतं: कवितासंग्रह कपाटात राहतात, शिकारीच्या आणि भुताच्या गोष्टी परत येत नाहीत.