नळाची जन्मपत्रिका

घरांत मूल जन्मलें कीं त्याची तिथि व वेळ आपण आस्थेनें टिपून ठेवितों. परंतु ज्या नळाचें पाणी तें मूल वर्षानुवर्षें पिणार, तो कोणत्या सालीं बसविला हें बहुधा कोणासच सांगतां येत नाहीं. आमच्या न्हाणीघरामागची भिंत ओल धरूं लागली, तेव्हां हा प्रश्न निघाला. थोरले काका म्हणाले, नळ आजोबांच्या हातचा. आईच्या मतें तो आत्याच्या लग्नांत बदलला होता. दोहोंत वीस वर्षांचें अंतर! अखेर भिंत तीन ठिकाणीं फोडली, आणि गळका सांधा निघाला चौथ्या ठिकाणीं.

आमचें निभावलें. परंतु असेंच अज्ञान एका सबंध शहरास भोंवलें आणि त्याची झळ लहान मुलांना लागली. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत फ्लिंट शहरीं एप्रिल २०१४ मध्यें नदीचें पाणी घेण्यास आरंभ झाला. नळ आंतून झिजूं नयेत म्हणून मिसळावयाचें द्रव्य त्यांत घातलें नाहीं. जुन्या जोडनळ्यांतील शिसें पाण्यांत उतरलें, आणि बालकांच्या रक्तांत शिसें वाढल्याचें २०१५ सालीं उघड झालें. नळ्या काढावयाच्या खऱ्या, पण शिशाची नळी कोणाच्या अंगणाखालीं आहे? दप्तरांत सुमारें ४५,००० हस्तलिखित कार्डें होतीं, तींही अपुरीं. तेव्हां एरिक श्वार्ट्झ व जेकब अ‍ॅबर्नेथी या प्राध्यापकांनीं घराच्या बांधणीचें साल, ठिकाण, किंमत आणि खोदकामांत प्रत्यक्ष सांपडलेल्या नळ्या यांची सांगड घालून संगणकाकरवीं अंदाज बांधिले. २०१७ सालीं तपासलेल्या दर दहा घरांपैकीं सुमारें सात घरीं बदलण्याजोगी नळी निघाली. पुढील वर्षीं हे अंदाज बाजूस ठेवून सरसकट खणलें, तों शंभरांत पंधराच!

आपल्याकडील जुन्या घरांत बहुधा जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ असतात. मुलामा झिजला कीं आंत गंजाच्या गांठी धरतात व पाण्याची वाट अरुंद होते. आटे पाडलेल्या जागीं नळाची जाडी कमी असल्यामुळें पहिली गळती प्रायः सांध्यापाशींच होते. सकाळचें पहिलें पाणी तांबूस येणें हीही त्याचीच खूण.

म्हणून आम्हीं एक वही घातली आहे. (आजोबांच्या जमाखर्चांत कोथिंबिरीची जुडीसुद्धां आहे, नळ मात्र नाहीं!) नळाचा प्रत्येक तुकडा, त्याचें साल, गळतीची तारीख व जागा, आणि वर्षांतून एकदां बादलीची परीक्षा, हीं तींत लिहावयाचीं. टांकी काठोकाठ भरलेली, तोटी साफ केलेली, तोच नळ, तीच बादली. ती भरावयास किती सेकंद लागले तें टिपावें. एका वर्षाच्या आंकड्यानें कांहीं कळत नाहीं. पांच-सात वर्षांचे आंकडे एकाखालीं एक येऊन वाढत चालले, कीं नळ आंतून बुजत आहे असें समजावें. एकाच सालच्या नळास थोड्या अवधींत दोन-तीन गळत्या लागल्या, तर ठिगळें लावीत न बसतां तो सबंध काढावा. त्याचीं भावंडेंही त्याच वयाचीं असतात. खर्चाची तजवीज मग कार्याच्या आदल्या दिवशीं न करतां दोन उन्हाळे आधीं करतां येते.

वहीचें पहिलें पान वहिनींनीं लिहिलें. वरच्या ओळींत साल घालावयाचें होतें. तेथें त्यांनीं काका व आई यांचीं दोन्ही सालें लिहून पुढें प्रश्नचिन्ह काढलें आहे.