गोवराचा हिशेब दरवर्षी नव्याने

२०१९ साली काँगो लोकशाही प्रजासत्ताक जगभरच्या बातम्यांत होते ते इबोलामुळे. देशाच्या पूर्व भागात इबोलाने थैमान घातले होते. परदेशी तज्ज्ञ, संरक्षक पोशाखातली पथके आणि नव्या लशी तिकडे धावल्या होत्या. त्याच वेळी देशाच्या सर्वच्या सर्व २६ प्रांतांत आणखी एक साथ पसरत होती, तिच्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष नव्हते. ती साथ होती गोवराची. २०१९च्या सुरुवातीपासून जानेवारी २०२० पर्यंत गोवराचे ३ लाख १० हजारांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले आणि मृतांची संख्या ६,००० च्या पुढे गेली. इबोलाचे बळी तोवर सुमारे २,२०० होते. गोवराने दगावलेल्यांत बहुसंख्य मुले पाच वर्षांच्या आतली होती. इबोलाची लस तेव्हा अगदी नवी होती, तर गोवराची लस वापरात येऊन अर्धे शतक उलटले होते.

खात्रीची, स्वस्त आणि जुनी लस हाताशी असताना इतकी मुले का जातात? आफ्रिकेतल्या गेल्या साठ वर्षांच्या अनुभवातून याचे उत्तर मिळते. गोवर एकदा आटोक्यात आणला की काम संपत नाही. दरवर्षी जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाबरोबर ते पहिल्यापासून सुरू होते.

हवेतून येणारा पाहुणा

माणसाला होणाऱ्या संसर्गजन्य रोगांत गोवराइतका झपाट्याने पसरणारा रोग क्वचितच सापडेल. ज्या वस्तीत कुणालाच प्रतिकारशक्ती नाही, तिथे एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना गोवर देतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल इतरांना संसर्ग देत असते. त्या दिवसांत आईला दिसतो तो फक्त ताप, खोकला आणि लालसर, पाणावलेले डोळे. म्हणजे गोवर ओळखू येईतो तो शेजारच्या घरांत पोहोचलेला असतो. म्हणूनच ही साखळी तोडायची तर वस्तीतल्या १०० पैकी किमान ९५ जणांना प्रतिकारशक्ती असावी लागते.

पुरळ ओसरले म्हणजे मूल सुटले, असेही नाही. हा विषाणू शरीराच्या संरक्षण यंत्रणेतल्या स्मरण पेशींवरच घाला घालतो. आधी होऊन गेलेल्या आजारांची शरीराने जपलेली ओळख त्यात पुसली जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांची गोवराआधीची आणि नंतरची रक्ततपासणी केली होती. या मुलांनी आपल्या जुन्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गमावल्याचे त्यात दिसले. त्यामुळे गोवरातून उठलेले मूल पुढच्या काही महिन्यांत न्यूमोनियाने किंवा अतिसाराने दगावते आणि त्या मृत्यूच्या नोंदीत गोवराचे नावही येत नाही. कुपोषित मुलांत धोका आणखी वाढतो. ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर डोळ्यांच्या बुबुळांवर जखमा होऊन दृष्टीही जाऊ शकते. १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमधील अभ्यासाने दाखवून दिले की, गोवराने रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिले तर मृत्यूचे प्रमाण निम्म्याने घटते. आज जगभर गोवराच्या उपचारात हे जीवनसत्त्व दिले जाते, त्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

नऊ महिन्यांचे गणित

आईकडून मिळालेले प्रतिपिंड बाळाला सुरुवातीचे काही महिने गोवरापासून वाचवतात. पण तेच प्रतिपिंड लशीच्याही आड येतात. बाराव्या महिन्यानंतर लस दिली तर सुमारे ९५ टक्के मुलांना संरक्षण मिळते. नवव्या महिन्यात दिली तर सुमारे ८५ टक्क्यांना. श्रीमंत देशांना थांबणे परवडते. जिथे गोवर कायम फिरत असतो, तिथे वर्षभर थांबायचे म्हणजे बाळाला धोक्यात ठेवायचे. म्हणून आफ्रिकेतल्या बहुतेक देशांनी पहिला डोस नवव्या महिन्यात ठेवला.

आता हिशेब करून पाहू. एखाद्या जिल्ह्यात लसीकरण चांगले चालले आहे आणि १०० पैकी ८५ बाळांना पहिला डोस मिळतो आहे, असे धरू. त्यांच्यापैकी ८५ टक्क्यांच्या शरीरात लस लागू पडते, म्हणजे सुमारे ७२ बाळे सुरक्षित होतात. उरलेल्या २८ बाळांना संरक्षण नाही. पुढच्या वर्षी आणखी २८, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी २८. थेंबे थेंबे तळे साचे. चार वर्षांत हा आकडा ११२ वर जातो, म्हणजे एका अख्ख्या वर्षात जन्मलेल्या बाळांपेक्षाही जास्त. कागदावर लसीकरण ८५ टक्के दिसते, आरोग्य खाते समाधानी असते आणि विषाणू एखाद्या दिवशी त्या साचलेल्या मुलांपर्यंत पोहोचतो.

यावर दोनच उपाय आहेत. एक म्हणजे दुसरा डोस, साधारण १५ ते १८ महिन्यांच्या वयात. पहिला हुकलेल्यांना आणि ज्यांच्यात पहिला लागू पडला नाही त्यांना ही दुसरी संधी असते. दुसरा उपाय म्हणजे दर दोन ते चार वर्षांनी मोहीम काढून ठरावीक वयोगटातल्या सगळ्या मुलांना सरसकट लस देणे. ज्या देशांनी हे दोन्ही नेटाने केले त्यांनी गोवराला रोखले. जिथे यात खंड पडला तिथे साथ आली.

आफ्रिकेने घालून दिलेला धडा

गोवराच्या लशीच्या जन्मकथेत आफ्रिकेचे स्थान सुरुवातीपासूनचे आहे. १९५०च्या दशकात डेव्हिड मॉर्ले हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ नायजेरियातल्या इलेशा येथे काम करत होते. गोवर तिथल्या लहान मुलांचा किती मोठा शत्रू आहे, हे ते रोज पाहत होते. अमेरिकेत जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेली लस घेऊन सॅम्युएल कॅट्झ १९६० मध्ये नायजेरियात आले आणि मॉर्ले यांच्या साथीने तिथल्या मुलांवर तिची चाचणी झाली. अमेरिकेत या लशीला परवाना मिळाला तो १९६३ मध्ये.

त्यानंतर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या २० देशांत देवी आणि गोवर यांच्याविरुद्ध एकत्र मोहीम निघाली. गांबिया या चिमुकल्या देशात १९६७ नंतर गोवराचा प्रसार चक्क थांबला. जगात हे प्रथमच घडत होते. पण बाहेरून येणारी मदत ओसरली, नव्या बाळांना लस देणारी पक्की व्यवस्था मागे उरली नव्हती, आणि गोवर परत आला.

तीस वर्षांनी दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना, लेसोथो, मलावी, नामिबिया, स्वाझीलँड आणि झिंबाब्वे या सात देशांनी दुसरा प्रयत्न केला. या वेळी मोहिमांच्या जोडीला नियमित लसीकरण आणि रक्तनमुन्यांची तपासणी होती. १९९६ मध्ये या देशांत गोवराचे सुमारे ६०,००० रुग्ण आणि १६६ मृत्यू नोंदले गेले होते. २००० मध्ये तपासणीत निश्चित झालेले रुग्ण होते ११७ आणि मृत्यू शून्य. या यशाच्या जोरावर २००१ मध्ये अमेरिकन रेड क्रॉस, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आदींनी आफ्रिकाभर मोहिमांची आखणी केली. आफ्रिकेतले गोवराचे मृत्यू १९९९ मध्ये अंदाजे ५ लाख ६ हजार होते. २००५ पर्यंत ते १ लाख २६ हजारांवर आले. सहा वर्षांत ७५ टक्के घट! सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात असे यश विरळा.

वीण कुठे उसवली

यशाने हुरूप येतो तशी ढिलाईही येते. मोहिमा लांबल्या, निधी इतर कामांकडे वळला. शून्य मृत्यूंची कामगिरी करणाऱ्या त्या सात देशांतल्या मलावीत २०१० मध्ये एक लाखाहून अधिक मुलांना आणि मोठ्यांना गोवर झाला. २०१८ मध्ये मादागास्करमध्ये साथ भडकली आणि हजाराहून अधिक जीव गेले. त्या देशाच्या वेळापत्रकात तेव्हा दुसरा डोस नव्हताच. २०१४ ते २०१६ दरम्यान इबोलाने गिनी आणि लायबेरियातली आरोग्य केंद्रे ओस पाडली, तेव्हा मागोमाग तिथे गोवर आला. कोविडच्या काळात अनेक देशांच्या मोहिमा पुढे ढकलल्या गेल्या, आणि २०२० पर्यंत आफ्रिकेतून गोवर हद्दपार करण्याचे ठरवलेले उद्दिष्ट हुकले.

झिंबाब्वेत २०२२ मध्ये ७०० हून अधिक मुले दगावली. साथीची सुरुवात झाली त्या मानिकालँड प्रांतात लस नाकारणाऱ्या काही धार्मिक पंथांचा प्रभाव आहे. घानामध्ये २००३ पासून गोवराने मृत्यू नव्हता, असा त्या देशाचा लौकिक; तिथे २०२३च्या सुरुवातीला बालकांच्या नेहमीच्या लशीच संपल्या. चलनाची घसरण झाली, लशींच्या खरेदीचे पैसे अडले आणि आया बाळांना काखोटीला मारून केंद्रावरून परत जाऊ लागल्या. एकीकडे लस नाकारणारे पालक, तर दुसरीकडे लस मागूनही न मिळालेले पालक. दोन्हीकडे लस न मिळालेली मुले साचत गेली.

पुण्याहून निघालेली कुपी

युनिसेफमार्फत गरीब देशांना मिळणाऱ्या गोवर आणि गोवर-रुबेला लशींचा फार मोठा वाटा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होतो. या लशीचा प्रवास समजून घेतला की अडचण नेमकी कुठे आहे ते कळते. कुपीत असते कोरडी भुकटी. कारखान्यापासून केंद्रापर्यंत ती सतत थंड ठेवावी लागते. कुपीवर एक वर्तुळ आणि त्याच्या आत फिकट चौकोन छापलेला असतो. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होतो. तो बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी फेकायची. थर्मामीटर नसलेल्या गावातही परिचारिकेला लशीची तब्येत नजरेनेच कळते.

लस देताना भुकटीत द्रावण मिसळतात. एकदा मिसळले की सहा तासांत ती वापरायची, उरली तर टाकायची. एका कुपीत साधारण दहा डोस असतात. आता केंद्रावर दोनच बाळे आली, तर परिचारिकेने काय करावे? कुपी फोडली तर आठ डोस वाया. साठा तुटपुंजा, वर हिशेब द्यायचा. मग ती सांगते, पुढच्या आठवड्यात या, जास्त मुले जमली की देऊ. ती आई पाच-सहा कोस चालून आलेली असते आणि पुढच्या आठवड्यात येणे तिला जमतेच असे नाही. झांबियात पाच डोसांच्या लहान कुप्या वापरून पाहिल्या, तेव्हा लसीकरण वाढले आणि नासाडी जवळपास निम्म्यावर आली. कुपीचा आकार बदलण्याइतकी साधी गोष्ट मुलांना वाचवू शकते.

याच्या पुढचा टप्पा म्हणजे त्वचेवर चिकटवायची पट्टी. तिच्यावरच्या अतिसूक्ष्म टोकांतून लस त्वचेत उतरते; सुई लागत नाही, द्रावण मिसळावे लागत नाही. गांबियात लहान मुलांवर तिची चाचणी झाली आणि २०२४ मध्ये आलेले निष्कर्ष आशादायक आहेत: एकाच पट्टीने ९० टक्क्यांहून अधिक बाळांत गोवराविरुद्ध संरक्षण निर्माण झाले. सर्वत्र वापरात येण्याआधी मोठ्या चाचण्या व्हायच्या आहेत.

आज कुठे आहोत

२०२५ मध्ये केप व्हर्ड, मॉरिशस आणि सेशेल्स या तीन बेटांवरच्या देशांतून गोवर आणि रुबेला हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागातले हे पहिले देश. दुसरा डोसही आता या विभागातल्या बहुतेक देशांनी वेळापत्रकात आणला आहे. पण पहिला डोस मिळणाऱ्या बाळांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपासच घुटमळते आहे आणि ९५ अजून दूर आहे. त्यात २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी आरोग्य मदतीत मोठी कपात केली. गोवराचे नमुने तपासणाऱ्या जगभरच्या ७०० हून अधिक प्रयोगशाळांचे जाळे याच मदतीवर चालत होते. साथ कुठे सुरू झाली हे कळायलाच उशीर झाला तर लस असूनही ती वेळेवर पोहोचणार नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नायजेरियाने गोवर-रुबेला लशीची प्रचंड मोहीम सुरू केली. लक्ष्य होते १० कोटींहून अधिक मुलांचे. लशीचा एकही डोस न मिळालेली मुले जगात सर्वाधिक याच देशात आहेत, त्यामुळे या मोहिमेचे मोल फार मोठे आहे. पण नायजेरियात वर्षाला ७० लाखांहून अधिक बाळे जन्मतात. मोहिमेची पथके घरी परतल्यानंतर जन्मलेल्या बाळाला नवव्या महिन्यात आणि पुन्हा पंधराव्या महिन्यात गावच्या केंद्रावर लस मिळाली, तरच आजचे हे श्रम टिकतील. ती जबाबदारी उचलणाऱ्या परिचारिकेचा पगार, केंद्रातले शीतकपाट आणि दोन बाळांसाठीही कुपी फोडण्याची मुभा यांवर होणारा खर्च कुठल्याही साथीच्या खर्चापेक्षा कमीच असेल, आणि तो दरवर्षी न चुकता करावा लागेल.