ट्युलिपचं शेत फुलांसाठी नसतं

एप्रिलच्या मध्याला नेदरलँड्समध्ये लायडनहून हार्लेमकडे जाणाऱ्या रेल्वेत बसलं, की खिडकीबाहेर लाल, पिवळे, जांभळे पट्टे लांबवर पसरलेले दिसतात. जगभरातून माणसं ते पाहायला येतात. शेतकऱ्याच्या हिशेबात मात्र त्या फुलांना फारशी किंमत नाही. त्याचं पीक जमिनीखाली असतं, ते म्हणजे कंद. फुलदाणीत जाणारे ट्युलिप बहुतेक काचगृहात वाढतात. उघड्या शेतात फूल येऊ देतात ते मुख्यतः तपासणीसाठी. दुसऱ्या जातीचे कंद मिसळले आहेत का, रोग शिरला आहे का, हे फूल उमललं की नीट कळतं. मग यंत्र फिरवून फुलं खुडून टाकतात आणि पानं राखतात, कारण कंद पोसतो तो पानांवर. कांद्याला डेंगळा आला की कांदा पोसत नाही, हे नाशिककडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इथेही तोच न्याय.

हे ठाऊक असलं की सहलीचा बेत वेगळा आखला जातो. एका शेताचा बहर फार तर दोन-तीन आठवडे टिकतो आणि खुडणी झाली की एका दिवसात संपतो. शिवाय रोग जमिनीत मुरू नयेत म्हणून बेवड पाळतात, दरवर्षी ट्युलिपचं रान बदलतात. त्यामुळे कुणाच्या गेल्या वर्षीच्या फोटोतली जागा शोधत जाण्यात अर्थ नाही. लिस गावात सायकल भाड्याने घ्यावी आणि रंग दिसेल तिकडे वळावं.

लिसमध्येच कॉकेनहॉफ आहे. 'सिलसिला'तल्या गाण्यामुळे आपल्याला ओळखीची झालेली ही जागा म्हणजे शेत नव्हे, बाग. ती 1950 साली लोकांसाठी खुली झाली. 32 हेक्टरांत दर शरदात सुमारे 70 लाख कंद हातांनी लावले जातात. तिथे एकेका फुलाचा जवळून फोटो घ्यावा. क्षितिजापर्यंत गेलेल्या रांगा हव्या असतील, तर बाहेर शेतांकडेच जावं लागतं.

रांगांसाठी कॅमेरा फुलांच्या उंचीवर आणावा, म्हणजे मधली माती झाकली जाते आणि रंग सलग दिसतो. लांब पल्ल्याच्या लेन्सने पट्टे एकमेकांजवळ ओढले जातात. गडद लाल रंग कॅमेऱ्यात चटकन जळतो, पाकळीचा पोत हरवतो. एक्स्पोजर थोडं कमी ठेवलेलं बरं. ट्युलिप थंडीत मिटतो, उबेत उघडतो. भल्या सकाळी उभट, मिटलेली फुलं मिळतात, दुपारी पसरट. मला सकाळची आवडतात. सूर्य समोर ठेवला की पाकळ्यांतून उजेड आरपार येतो.

हे सगळं रस्त्यावरून किंवा चराच्या अलीकडून साधतं. वाफ्यात उतरू नये, हे मी कळकळीने सांगते. बुटांच्या तळव्याला चिकटलेल्या मातीतून रोग एका शेतातून दुसऱ्यात जातात आणि तुटलेल्या पानाची किंमत खालचा कंद मोजतो. ड्रोनही घरीच ठेवावा, जवळच स्किपोल विमानतळ आहे.

रोगाची धास्ती इथे जुनी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ कॅरोलस क्लुसियस 1593 साली लायडनला आला आणि तिथल्या वनस्पती उद्यानात त्याने ट्युलिप लावले. पुढच्या चाळीसेक वर्षांत पाकळ्यांवर ज्वाळांसारख्या रेघा असलेल्या कंदांचे भाव आभाळाला भिडले आणि फेब्रुवारी 1637 मध्ये बाजार कोसळला. त्या रेघा माव्याने पसरवलेल्या विषाणूमुळे उमटत होत्या, हे विसाव्या शतकात सिद्ध झालं. आज शेतात तशी रेघ दिसली, तर निरीक्षक ते झाड कंदासकट उपटतो. रांगेतून खाली मान घालून चाललेला हा माणूस रस्त्यावरून दिसला, तर त्याला चौकटीत जरूर घ्यावं.

लिसची गर्दी नकोशी वाटली, तर नूर्डओस्टपोल्डर गाठावं. 1942 पर्यंत तिथे पाणी होतं. उपसून काढलेल्या त्या सपाट जमिनीवर आता याहून मोठाली शेतं आहेत. अंतरं लांब असल्याने तिथे गाडी लागते.