साडेसातला घरी, साडेआठला पानं

‘आज काय करू?’ हा प्रश्न आपल्या घरांमधून रोज निदान दोनदा विचारला जातो, आणि बहुतेक वेळा जिने विचारला तिलाच त्याचं उत्तर शोधावं लागतं. ‘काहीही कर’ हे घरच्यांचं उत्तर तिच्या काही उपयोगाचं नसतं. नोकरी करून साडेसातला घरी पोचणारी आई फोडणी घालून दमत नाही. ती दमते ठरवून ठरवून. फ्रीजमध्ये काय उरलंय, कोथिंबीर आज वापरली नाही तर सडेल का, धाकट्याला वांगं चालत नाही, सासऱ्यांना रात्री जड नको, उद्या डब्यात काय द्यायचं. हे सगळं डोक्यात चालू असतं तेव्हा ती लोकलमध्ये दांडीला धरून उभी असते. म्हणूनच झटपट पाककृतींचे कितीही व्हिडिओ पाहिले तरी तिचा स्वयंपाक सोपा होत नाही. तो सोपा होतो घरात आधीपासून काय तयार आहे आणि कामाला किती हात लागतात, त्यावर.

हातांचा हिशेब आधी पाहू. केंद्र सरकारने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांपुढच्या बायका-मुलींपैकी सुमारे 81 टक्के जणी दिवसभरात घरकाम करत होत्या, पुरुष-मुलांपैकी सुमारे 26 टक्के. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी 299 मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांचे 97. पुढची पाहणी 2024 ची. तिच्यात बायकांचे आकडे 289 मिनिटांवर आले, पण पुरुषांचेही 88 वर उतरले. म्हणजे बाईचं काम जे थोडं हलकं झालं ते गड्याने उचललं म्हणून नव्हे. काही यंत्रांनी उचललं असेल, काही विकतच्या पोळ्यांनी.

यंत्रांत पहिला मान कुकरचा. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांच्या वर तापत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो आणि आतलं तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, म्हणून तासाभराची डाळ पंधरा-वीस मिनिटांत शिजते. पहिली शिट्टी झाली म्हणजे दाब पुरा झाला. त्यानंतर आच मोठी ठेवली तरी आतलं तापमान वाढत नाही, जास्तीची वाफ नुसती शिट्टीतून बाहेर जाते. तेव्हा पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करावा आणि मिनिटं मोजावीत. शिट्ट्या मोजण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

‘डाळ शिजतच नाही’ ही तक्रार बोअरचं पाणी असलेल्या घरांतून हमखास येते. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे डाळीतलं पेक्टिन घट्ट राहतं आणि दाणा फुटत नाही. आंबटानेही तेच होतं. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो डाळीबरोबर कुकरमध्ये घातला तर डाळ बोटचेपी राहते. आपल्या आज्या आमटीला उकळी आल्यावर चिंचेचा कोळ घालायच्या, ते योग्यच होतं. डाळ सकाळी निघतानाच धुऊन, भिजवून फ्रीजमध्ये ठेवावी. संध्याकाळी पर्स ठेवली की पहिलं काम कुकर लावायचं, कपडे नंतर बदलायचे. खाली डाळ, मधल्या डब्यात भात, वरच्यात दुधीच्या किंवा बटाट्याच्या फोडी. हातपाय धुऊन येईपर्यंत अर्धा स्वयंपाक झालेला असतो.

डाळ मात्र दोन दिवसांची एकदम शिजवावी. पहिल्या रात्री हिंग-हळदीचं साधं वरण, वर तूप आणि लिंबू. निम्मी डाळ फोडणी न देता, निवताच फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी तिच्या चकोल्या कराव्यात. कुणी त्यांना वरणफळं म्हणतात. आठवड्यात एकदा तरी हा पदार्थ घरात व्हावा असं माझं ठाम मत आहे. पाणी घालून डाळ पातळ करायची. मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि भरपूर लसणाची फोडणी द्यायची, त्यात गोडा मसाला, मीठ, गूळ. ती खळखळून उकळली की मग चिंच. तोवर दुसऱ्या बाजूला कणकेत हळद, तिखट, मीठ, ओवा आणि चमचाभर तेल घालून घट्ट मळायचं, पोळी लाटायची, सुरीने शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापायचे. आमटी उकळत असतानाच एकेक तुकडा सोडायचा. सगळे एकदम टाकले तर त्यांचा गोळा होतो. आमटी थोडी पातळच हवी, कारण फळं शिजताना पाणी पितात. तुकडे वर आले, कडा जराशा पारदर्शक दिसल्या की झालं. पानात वाढल्यावर तूप. यात पोळी आली, डाळ आली. सोबत काकडीची कोशिंबीर केली की जेवण पुरं झालं. भात, भाजी, आमटी, चटणी असं चारी ठाव रोज रात्री मांडलंच पाहिजे, हा हट्ट आता सोडायला हवा. पोषणाच्या बाजूनेही त्यात काही बिघडत नाही. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी असतं, ते धान्यात मिळतं. मुगाची खिचडी, चकोल्या, थालीपीठ ही तिन्ही या मेळावरच उभी आहेत.

थालिपिठावरून भाजणीचा विषय आला. ‘पाकीट फोडा आणि पाणी घाला’ हे आजच्या बाजाराला सुचलं असं नाही. भाजणी, मेतकूट, डांगराचं पीठ, कुळथाचं पीठ, सांडगे हे सगळं त्याच गरजेतून आलेलं आहे. शेतावरून दमून येणाऱ्या बाईलाही चुलीपाशी फार वेळ बसणं परवडत नव्हतं. तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहू, हरभराडाळ, उडीदडाळ, धने, जिरे असा प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. मंद आचेवर भाजल्याने ओलावा जातो, म्हणून पीठ टिकतं. दाणा अर्धामुर्धा शिजतोही. हे काम वर्षातून तीन-चार रविवारांचं. मग साडेसातला घरी आलेल्या आईला दोन वाट्या भाजणी, एक कांदा, तिखट-मीठ आणि पाणी एवढंच लागतं. तव्यावर थापायचं, मधे भोक पाडायचं, तेल सोडायचं, झाकण ठेवायचं. घरी भाजणं जमत नसेल तर विकत आणावी. बचत गटांकडे चांगली मिळते.

विकत आणण्याबद्दल अनेकींच्या मनात अजून एक टोचणी असते. ती काढून टाका. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. गिरणगावात कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं. आज गल्लोगल्ली असलेली पोळी-भाजी केंद्रं याच वाटेवरची आहेत. तुम्ही तिथून दहा पोळ्या घेता तेव्हा दुसऱ्या एका आईचं घर चालतं. पोळ्या विकतच्या आणि उसळ घरची, हा अगदी रास्त हिशेब आहे.

रविवारी एक तास मात्र हवा. कांदा-खोबरं भाजून वाटण करून ठेवलं तर फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहतं. मटकी-मूग भिजवून मोड आणायचे, मोडांनी क जीवनसत्त्व वाढतं. नारळ खोवून फ्रीझरमध्ये. कोथिंबीर निवडून, कोरडी करून, कागदात गुंडाळून डब्यात. मळलेली कणीक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर काळपटही कमी होते.

एका बाबतीत सावध राहा. सकाळच्या फोडणीच्या भातासाठी रात्रीचा भात ओट्यावर तसाच ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा परतल्यानेही जात नाही. भात उरला की पसरट भांड्यात काढून लवकर निववावा, आणि तास-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. उन्हाळ्यात तर नक्कीच.

आणि आईचं स्वतःचं ताट? 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. त्याची कारणं अनेक आहेत, पण सगळ्यांना वाढून झाल्यावर उसळीचा तळ आणि आमटीचं पाणी स्वतःच्या पानात घेणं, ही सवय त्यात भरच घालते. मोडाची उसळ, पालेभाजी यांतलं लोह लिंबू पिळल्याने अंगी लागतं, जेवणावर लगेच चहा घेतल्याने वाया जातं. लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढा. भाजीत थोडं लोह तिच्यातूनही उतरतं.

कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक 1970 मध्ये आलं. त्यात मापं वाटी-चमच्याची होती, म्हणून ते पुस्तक नवख्यांनाही जमलं. आपल्या घरात मात्र अजून सगळं ‘अंदाजाने’ चालतं. जोवर मीठ किती, पाणी किती हे फक्त आईच्या हाताला ठाऊक आहे, तोवर तिचा हात सुटणार नाही. आपल्या घरची आठ-दहा मापं कागदावर लिहा आणि फ्रीजच्या दारावर लावा: चार माणसांना डाळ किती, तांदूळ किती, पाणी किती, बारीक गॅसवर किती मिनिटं.

दिवाळीची सुट्टी त्यासाठी चांगली आहे. चकल्या आणि करंज्या तुम्ही कराच, पण सहावी-सातवीतल्या मुलामुलींना, आणि त्यांच्या बाबांनाही, शेजारी उभं राहून कुकर लावायला शिकवा. शिट्टीचं भोक साफ आहे ना, तळाशी पाणी आहे ना, वाफ गेल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, एवढ्या तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. सुट्टी संपली की आठवड्यातले दोन दिवस त्यांना ठरवून द्या. त्या दिवशी भात थोडा मऊ झाला तरी तोच वाढा, आणि सगळ्यांबरोबर तुम्हीही जेवायला बसा.