फोटोच्या पाठीमागची रशियन

रशियन शिकवणारी बहुतेक पुस्तकं विमानतळावर सुरू होतात. नमस्कार, माझं नाव अमुक, टॅक्सी कुठे मिळेल, बिल आणा. प्रवाशाला हे ठीक आहे. पण ज्याला पणजीच्या ट्रंकेतली पत्रं वाचायची आहेत, त्याला टॅक्सीशी काय कर्तव्य? असे शिकणारे जगात पुष्कळ आहेत. १९२०च्या नोव्हेंबरात यादवी युद्धात बोल्शेविकांकडून हरलेल्या जनरल व्रांगेलच्या सैन्याबरोबर सुमारे दीड लाख माणसं क्रिमियातून जहाजांत बसून कॉन्स्टँटिनोपलला गेली आणि तिथून पॅरिस, बर्लिन, बेलग्रेडला पांगली. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा लाखो ज्यू इस्रायलला आणि अमेरिकेला गेले. त्यांची नातवंडं-पतवंडं आज फ्रेंच, हिब्रू किंवा इंग्रजी बोलतात. घरात उरलेली रशियन म्हणजे काही फोटो, पोस्टकार्डं, एखादा जन्मदाखला आणि दोन-चार लाडाची नावं.

अशा माणसाने पाठ्यपुस्तकाचा क्रम बाजूला ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. आधी हस्ताक्षर, मग नावं, मग विभक्ती. बोलणं सवडीने. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था कामापुरती रशियन यायला सुमारे ११०० तासांचं वर्गशिक्षण धरते. तो आकडा मुत्सद्द्यांसाठी आहे. एका फोटोमागची ओळ वाचायला एवढं लागत नाही.

छापील लिपी आठ-दहा दिवसांत येते. अक्षरं ३३. त्यातली काही ओळखीचा चेहरा घेऊन फसवतात. इंग्रजी 'पी'सारखं दिसणारं अक्षर 'र' असतं, 'एच'सारखं 'न', 'सी'सारखं 'स', 'बी'सारखं 'व'. म्हणून 'रेस्तोरान' ही पाटी नवखा पर्यटक 'पेक्टोपाह' अशी वाचतो. हा घोटाळा लवकर सुटतो. खरी अडचण पुढे आहे: घरातले कागद छापील नसतात.

रशियन शाळांत मुलांना जोडअक्षरी वळण घोटून घेतात आणि माणसं ते जन्मभर लिहितात. या वळणात अक्षरांचं रूपच बदलतं. छापील 'त' इंग्रजी मोठ्या 'टी'सारखा असतो, हाताने लिहिला की बारक्या 'एम'सारखा होतो. 'द' हा 'जी'सारखा, 'प' हा 'एन'सारखा, 'इ' हा 'यू'सारखा. शिवाय 'इ', 'श', 'ल', 'म' ही सगळी सारख्याच आकड्यांची बनलेली, त्यामुळे काही शब्द म्हणजे नुसती नागमोडी रेघ दिसते. मोडी वाचायला बसलेल्या मराठी माणसाला हे नवं नाही. बाळबोध येते म्हणून पणजोबांचं खतपत्र वाचता येतं असं थोडंच आहे?

तरी काही खुणा मदतीला येतात. 'ल' आणि 'म' यांच्या सुरुवातीला, ओळीलगत, एक छोटा आकडा असतो, 'इ'ला तो नसतो. बरेच लोक 'त'च्या डोक्यावर आडवी रेघ देतात आणि 'श'च्या पायाखाली, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत. पण सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे ते वळण स्वतः गिरवणं. हात कुठून वळतो हे कळलं की डोळ्याला अक्षर सुटं दिसायला लागतं. पत्र वाचताना अर्थाच्या मागे लागू नये. आधी प्रत्येक शब्द छापील अक्षरांत उतरवून घ्यावा, न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यावं आणि तेच अक्षर पत्रात दुसरीकडे स्पष्ट आलंय का ते शोधावं.

कागद जुना असेल तर आणखी दोन गोष्टी. १९१८च्या सुधारणेत रशियन लेखनातून काही अक्षरं काढून टाकली, त्यातलं टिंबवालं 'इ' ठळकपणे आठवणीत राहतं. शब्दाच्या शेवटी व्यंजनानंतर लिहायचं मुकं 'कठोर चिन्ह'ही गेलं. देश सोडून गेलेल्यांपैकी अनेकांनी मात्र ही सुधारणा मानलीच नाही. बोल्शेविकांची म्हणून त्यांना ती नको होती. त्यामुळे पॅरिसहून १९३०मध्ये लिहिलेलं पत्रही जुन्या लेखनात असू शकतं. लेखनावरून काळ ठरवताना हे विसरू नये. दुसरी गोष्ट तारखांची. रशियात ३१ जानेवारी १९१८नंतरचा दिवस १४ फेब्रुवारी धरला गेला. त्याआधीची तारीख आपल्या दिनदर्शिकेत आणायची तर एकोणिसाव्या शतकासाठी १२ दिवस मिळवायचे, विसाव्यासाठी १३. पणजीचा वाढदिवस घरात एका तारखेला आणि दाखल्यावर दुसऱ्याच, हे कोडं बहुधा इथे सुटतं.

आता नावं. माझ्या मते घराण्याच्या शोधात सगळ्यांत जास्त माल इथेच आहे. रशियन नावात आपल्यासारखे तीन भाग: स्वतःचं नाव, वडिलांवरून आलेलं नाव आणि आडनाव. निकोलाय पेत्रोविच म्हणजे प्योत्रचा मुलगा, मारिया पेत्रोव्ना म्हणजे प्योत्रची मुलगी. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव नवऱ्याचं होण्याची रीत आहे. रशियन बाईचं आडनाव बहुतेकदा बदलतं, पण मधलं नाव मरेपर्यंत बापाचंच राहतं. म्हणजे पणजीचं पूर्ण नाव सापडलं की तिच्या वडिलांचं नाव आयतंच हाती लागतं. आडनावातला इवानोव आणि इवानोवा हा फरक फक्त पुरुष आणि स्त्री असा. दोन वेगळी घराणी समजू नयेत.

पत्रांत मात्र ही पूर्ण नावं फारशी दिसत नाहीत. तिथे कोल्या असतो, तो निकोलाय. मित्या म्हणजे द्मित्री, वान्या म्हणजे इवान, वोलोद्या म्हणजे व्लादिमीर, मारूस्या आणि माशा या दोघी मारियाच. शूरा, झेन्या, वाल्या ही नावं तर बाईचीही असतात आणि बुवाचीही. शूरा म्हणजे अलेक्सांद्र की अलेक्सांद्रा, हे नुसत्या सहीवरून सांगता येत नाही.

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, जो इंग्रजी बोलणाऱ्या नातवाला नाही. रशियन भूतकाळी क्रियापद कर्त्याचं लिंग दाखवतं. 'मी पोचलो' असं पुरुष लिहितो तेव्हा 'या प्रियेखल', बाई लिहिते तेव्हा 'या प्रियेखला'. पत्रातलं पहिलं भूतकाळी वाक्य शोधलं की शूराकाका की शूराआत्या याचा निकाल लागतो. तीन लिंगं, तू आणि तुम्ही यांतला फरक, बदलणारी विशेषणं, हे सगळं आपल्या जिभेला आधीच माहीत आहे. नात्यांचे शब्दही तसेच नेमके: दीर 'देवेर', नणंद 'झोलोव्का', साडू 'स्वयाक'. इंग्रजीत या सगळ्यांना एकाच गाठोड्यात बांधतात.

एक गंमत आणखी. रशियनमध्ये 'ह' नाही. बाहेरच्या नावांतला 'ह' जुन्या काळी 'ग' किंवा 'ख' असा लिहीत. कवी हाइने तिथे 'गेइने' होतो, हाइनरिख होतो 'गेनरिख'. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये 'ह'ने सुरू होणारं ज्यू किंवा जर्मन आडनाव रशियन नोंदवहीत 'ग'च्या पानावर शोधावं लागतं.

विभक्ती सहा. त्यांची कोष्टकं पाठ करण्याआधी त्या कागदावर कुठे दिसतात ते पाहावं. फोटोमागचा ठरलेला मजकूर साधारण असा असतो: 'ना दोल्गुयु पाम्यत्य दरगोय मामे अत सिना कोली'. म्हणजे कायमच्या आठवणीसाठी, लाडक्या आईला, मुलगा कोल्याकडून. इथे 'मामा' या शब्दाचं 'मामे' झालंय, कारण तो 'आईला' आहे. 'सिन' म्हणजे मुलगा, त्याचं 'सिना' झालं, आणि कोल्याचं 'कोली'. नवखा वाचक वंशावळीत 'कोली' नावाचा माणूस घालून मोकळा होतो. घोडा-घोड्याला हे आपलं सामान्यरूप लक्षात असेल, तर उलट्या वाटेने मूळ शब्दाकडे जाणं जड जात नाही.

पाकिटावरही हेच. सोव्हिएत पाकिटावर आधी 'कुठे' आणि मग 'कोणाला' असे रकाने, आणि 'कोणाला'खाली नाव चतुर्थीत. 'इवानोवु इवानु पेत्रोविचु' असं लिहिलं असेल तर तो माणूस आहे इवान पेत्रोविच इवानोव. गावांचंही तसंच: 'व सरातोवे' म्हणजे सरातोवमध्ये, 'व खारबिने' म्हणजे खारबिनमध्ये. नकाशावर 'खारबिने' शोधत बसाल तर सापडणार नाही. चीनमधल्या त्या शहरात रेल्वेमुळे मोठी रशियन वस्ती होती.

दुसऱ्या महायुद्धातली आघाडीवरची पत्रं ओळखायला सोपी. पाकिटं मिळत नसत, म्हणून कागदच त्रिकोणी घडी घालून पाठवीत. वर फील्ड पोस्टचा आकडा आणि लष्करी सेन्सॉरचा शिक्का. सैनिक कुठे आहे हे मजकुरात सापडणार नाही. ते लिहायला बंदीच होती. कमी शिकलेल्या माणसाचं पत्र असेल तर ते मोठ्याने वाचावं. आघात नसलेला 'ओ' रशियन तोंडात 'अ'कडे झुकतो, मॉस्कोला 'मस्क्वा' म्हणतात, आणि अर्धशिक्षित माणूस ऐकू येतं तसं लिहितो. शब्दकोशात नसलेला शब्द कानाला पटकन कळतो.

हेही सांगायला हवं की रशियन साम्राज्यातून आलेला प्रत्येक कागद रशियनमध्येच असतो असं नाही. हिब्रू अक्षरांत उजवीकडून लिहिलेलं पत्र यिडिश असू शकतं. टिंबवालं 'इ' दिसलं तर जुनी रशियनही असेल किंवा युक्रेनियनही. दोन टिंबांचं 'इ' दिसलं तर मात्र ती युक्रेनियनच समजावी. ही तपासणी व्याकरणाची वही उघडण्याआधी करावी, नाहीतर वर्षभर भलतीच भाषा शिकाल.

आणि ज्यांची आजी अजून आहे त्यांचं काय? आपल्याकडेही अशी घरं आहेत. मॉस्कोत १९६०मध्ये लोकमैत्री विद्यापीठ निघालं, पुढच्या वर्षी त्याला पात्रिस लुमुंबांचं नाव मिळालं. तिथे आणि इतर सोव्हिएत शहरांत भारतीय विद्यार्थी शिकले, काहींनी लग्नंही तिकडेच केली. अशा घरातल्या नातवंडाला पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रीतसर रशियन शिकता येते. पण त्याने हस्ताक्षराऐवजी फोनपासून सुरुवात करावी. रशियन आजी फोनवर बहुधा आधी जेवणाचंच विचारते. नातीला 'ति पायेला?', नातवाला 'ति पायेल?', म्हणजे जेवलीस का, जेवलास का. उत्तरात 'हो' म्हणायची गरज नसते. तेच क्रियापद परत म्हणायचं, आपण 'जेवले' म्हणतो तसं: 'पायेला'. त्यावर ती काय जेवलीस ते विचारणार, तेव्हा पदार्थांची नावं त्याच आठवड्यात पाठ करून ठेवावीत.