दात निखळणे

दात निखळणे : आघातामुळे संपूर्ण दात मुळासह जबड्याच्या हाडातील खोबणीतून बाहेर पडणे. दात हलणे, आत रुतणे किंवा त्याचा टवका उडणे यांहून ही इजा वेगळी व अधिक गंभीर असते. निखळलेला कायमचा दात पुन्हा खोबणीत बसविता येतो. या क्रियेला पुनर्रोपण म्हणतात. पुनर्रोपणाचे यश दंतवैद्याच्या कौशल्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, अपघातस्थळी उपस्थित असलेल्या व्यक्तीने पहिल्या अर्ध्या तासात काय केले यावर अवलंबून असते.

कारणे : खेळताना पडणे, चेंडू वा बॅट तोंडावर लागणे, सायकल व वाहनांचे अपघात आणि मारामारी ही प्रमुख कारणे होत. वरच्या जबड्यातील मधले दोन पटाशीचे दात सर्वाधिक वेळा निखळतात. सात ते दहा वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण विशेष असते, कारण त्या वयात या दातांच्या मुळांची वाढ पूर्ण झालेली नसते व भोवतालचे बंध सैल असतात. वरचे दात पुढे आलेले असल्यास धोका वाढतो.

विकृती : दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. दोहोंमध्ये परिदंत बंध नावाचा सूक्ष्म तंतूंचा पातळ पडदा असतो. दात निखळताना हा पडदा फाटतो व त्याचा काही भाग मुळावर राहतो. त्याच वेळी मुळाच्या टोकाशी दंतमगजाच्या (दाताच्या पोकळीतील मृदू ऊतकाच्या) रक्तवाहिन्या व तंत्रिका तुटतात. मुळावर राहिलेल्या कोशिका (पेशी) जिवंत असल्या, तर पुनर्रोपणानंतर बंध पुन्हा जुळून येतो. मात्र हवेत कोरड्या पडल्यास त्या झपाट्याने मरतात आणि सु. एका तासानंतर त्यांपैकी जवळजवळ एकही जिवंत राहत नाही.

इतिहास : फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पुनर्रोपणाची माहिती आढळते. डेन्मार्कमधील आंद्रेआसेन व योर्टिंग-हान्सेन यांनी १९६६ मध्ये पुनर्रोपित अशा ११० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत बसविलेल्या दातांपैकी ९० टक्के दातांच्या मुळांचे शोषण (मूळ विरघळत जाणे) झाले नव्हते. दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या दातांपैकी ९५ टक्के दातांत ते आढळले.

प्रथमोपचार : व्यक्ती बेशुद्ध असेल वा डोक्यास मार लागला असेल, तर त्याकडे प्रथम लक्ष द्यावे. दात दुधाचा असल्यास तो परत बसवू नये, कारण त्यामुळे खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातास इजा होऊ शकते. कायमचा दात शोधून फक्त शिखराकडून, म्हणजे तोंडात दिसणाऱ्या पांढऱ्या भागाकडून, उचलावा. मुळास हात लावू नये. माती लागली असल्यास दुधाने वा लवणद्रावाने (सलाइनने) क्षणभर हळुवार धुवावा. मूळ घासू वा खरवडू नये, तसेच त्यावर मीठ, हळद, तुरटी किंवा जंतुनाशक औषध लावू नये. नंतर दात योग्य दिशेने खोबणीत हलकेच दाबून बसवावा व स्वच्छ रुमाल चावून धरण्यास सांगावे.

हे शक्य नसल्यास दात ताबडतोब थंड, ताज्या दुधात ठेवावा. दुधाचा तर्षण दाब शरीरातील द्रवांच्या जवळपास असतो व ते फारसे आम्लधर्मी नसते. त्यामुळे कोशिका काही तास तग धरतात. दही व ताक आम्लधर्मी असल्याने वापरू नये. दूध न मिळाल्यास लवणद्राव वा रुग्णाचीच पेल्यात घेतलेली लाळ चालते. साध्या पाण्यात कोशिका फुगून फुटतात, तरीही दात कोरडा ठेवण्यापेक्षा पाणी बरे. कागदात वा रुमालात गुंडाळून दात नेणे ही सर्वांत सामान्य व घातक चूक होय. दात सापडत नसल्यास तो श्वासमार्गात तर गेला नाही ना, हे क्ष-किरण छायाचित्राने पाहणे आवश्यक ठरते.

उपचार : दंतवैद्य दाताची स्थिती तपासून तो शेजारच्या दातांना बारीक, लवचिक तारेने सु. दोन आठवडे जखडतात. ताठर बंधनाने हानी होते. प्रतिजैव औषधे देतात आणि जखम मातीने दूषित असल्यास धनुर्वाताच्या लसीचा विचार करतात. दोन आठवडे मऊ आहार व तोंडाची स्वच्छता आवश्यक असते. मुळाची वाढ पूर्ण झालेली असल्यास दंतमगज पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून दोन आठवड्यांच्या आत मूलनलिकेवरील उपचार सुरू करावे लागतात. मुळाचे टोक अजून उघडे असलेल्या लहान मुलांत रक्तपुरवठा पुन्हा सुरू होण्याची शक्यता असते, म्हणून तेथे काही काळ वाट पाहतात.

उपद्रव : (१) दंतमगजाचा मृत्यू व जंतुसंसर्ग. (२) शोथजन्य मूलशोषण : मृत मगजातील जंतूंमुळे मूळ वेगाने, कधी काही आठवड्यांतच, खाल्ले जाते. मूलनलिकेच्या वेळीच केलेल्या उपचाराने हे थांबविता येते. (३) अस्थिबद्धता : बंधाच्या कोशिका मेल्या असल्यास हाड थेट मुळास चिकटते व मुळाची जागा हळूहळू घेते. दात हलत नाही व ठोकल्यास धातूसारखा आवाज येतो. यावर खात्रीचा उपाय नाही. प्रौढात असा दात अनेक वर्षे टिकू शकतो. वाढत्या मुलात मात्र जबडा वाढत असताना तो जागीच राहिल्याने शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसू लागतो. अशा वेळी शिखर काढून मूळ हाडातच ठेवतात, म्हणजे हाडाची रुंदी टिकते आणि वाढ पूर्ण झाल्यावर कृत्रिम दात बसविता येतो. याच कारणास्तव उशीर झालेला दातही बहुधा बसविणे हितावह ठरते. किमान पाच वर्षे नियमित तपासणी आवश्यक असते.

प्रतिबंध : हॉकी, मुष्टियुद्ध यांसारख्या खेळांत दातांवर संरक्षक आवरण वापरावे. पुढे आलेल्या दातांवर लहानपणीच उपचार करून घ्यावेत. शाळांतील शिक्षक व क्रीडामार्गदर्शक यांना वरील प्रथमोपचार माहीत असल्यास बहुतेक दातांचे पुढील नुकसान टळू शकते.