पाण्यात उतरण्यापूर्वी

नारळी पौर्णिमा झाली की पावसाळाभर किनाऱ्यावर विसावलेल्या होड्या कोकणात पुन्हा समुद्रात लोटल्या जातात. हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. होडीखाली लाकडे सरकवतात, दोन्ही अंगांना माणसे खांदा लावतात, एकजण हाळी देतो आणि त्या हाळीसरशी सर्वांचे बळ एकवटते. एकदा पाण्याने उचलून धरली की तीच होडी एका हाताने वळविता येते. तिचे खरे ओझे असते ते जमीन आणि पाणी यांच्यामधल्या थोड्याशा अंतरात. नौका कोणतीही असो आणि देश कोणताही असो, हे अंतर सर्वांनाच ओलांडावे लागते.

अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा राज्यात ते कसे ओलांडतात, हे पाहण्यासारखे आहे. या राज्याला ‘दहा हजार सरोवरांची भूमी’ असे म्हणतात. दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ सरोवरे तेथे आहेत. हिवाळ्यात ती गोठतात. उन्हाळा आला की कुटुंबेच्या कुटुंबे मोटारीमागे ट्रेलर जोडून सरोवराकडे निघतात, आणि त्या ट्रेलरवर पुष्कळदा वॉटर स्कूटर असते. गोव्याच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यावर हे वाहन आपण पाहिले असेल. तेथे ते भाड्याने मिळते आणि त्याची काळजी दुसरा कोणी वाहतो. मिनेसोटातील कुटुंबाला मात्र ती स्वतःच वाहावी लागते.

या वाहनाला सुकाणू नसते आणि बाहेर फिरणारा पंखाही नसतो. तळाच्या झरोक्यातून पाणी आत ओढून घ्यावयाचे आणि मागच्या तोंडातून ते जोराने बाहेर फेकावयाचे, एवढ्यावर ते धावते. न्यूझीलंडमधील उथळ नद्यांसाठी विल्यम हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात याच तत्त्वावर चालणाऱ्या नौका तयार केल्या. पुढे १९७०च्या दशकात, क्लेटन जेकबसन या अमेरिकन माणसाच्या कल्पनेतून, एकट्याने चालवावयाचे असे लहान वाहन बाजारात आले. पाण्याचा झोत हीच त्याची गती आणि तोच त्याचा सुकाणू. वेग एकदम सोडून दिला की झोत मंदावतो आणि बहुतेक यंत्रांची वळण्याची शक्तीही जाते. समोर अडथळा दिसताच नवखा माणूस घाबरून नेमके हेच करतो, आणि वाहन सरळ त्या अडथळ्यावर जाऊन आदळते. म्हणूनच ही विद्या पाण्यात शिरण्यापूर्वी समजून घ्यावयाची असते.

आता आपण सरोवराच्या काठी पोहोचलो आहोत अशी कल्पना करा. समोर काँक्रीटचा उतार पाण्यात शिरलेला आहे. तो शंभर फुटांत बारा ते पंधरा फूट खाली जातो. उतार एकच आणि त्यावर उतरणारे अनेक. म्हणून जाणता माणूस मोटार आधी बाजूच्या मोकळ्या जागेत उभी करतो. मागचे पट्टे सोडणे, लाइफ जॅकेट अंगावर चढविणे, पुढच्या कडीला लांब दोर बांधणे, ट्रेलरच्या दिव्यांची तार मोटारीपासून सोडविणे, ही सर्व कामे तेथेच उरकावयाची. एवढ्या वेळात प्रवासाने तापलेली चाकेही निवतात. तापलेले चाक एकाएकी थंड पाण्यात बुडाले तर त्याच्या बेअरिंगमध्ये पाणी ओढले जाते.

याच वेळी एक लहानसे काम करावयाचे असते, आणि विसरले जाते तेही हेच. वाहनाच्या मागच्या अंगाला, तळाशी, आतले पाणी काढून टाकण्यासाठी छिद्रे असतात आणि त्यांना बुचे असतात. बूच न लावता वाहन पाण्यात सोडले तर पाणी निमूटपणे आत शिरते आणि काही वेळाने मागची बाजू खाली बसू लागते. काठाजवळ ध्यानात आले तर बरे. खोल पाण्यात आले तर प्राणाशी गाठ.

त्यानंतर मोटार मागे घ्यावयाची. ट्रेलर मोटारीच्या उलट वळतो, हे नवशिक्याला गोंधळात टाकते. त्यावर एक सोपी युक्ती आहे. सुकाणूचक्राच्या खालच्या टोकाला हात धरा; हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलर जाईल. मुलांना या वेळी उतारावर येऊ देऊ नये, कारण मागे जाणाऱ्या मोटारीतून त्यांची लहान उंची दिसत नाही. पाण्याच्या कडेला शेवाळ असते, तेव्हा पाय जपून टाकावा. वाहन तरंगू लागेपर्यंत पुढचा पट्टा सोडू नये. घाई केली तर तीन-चारशे किलोचे धूड घसरून काँक्रीटवर पडते. मोटार थांबताच हातब्रेक घट्ट ओढावा. मग एकाने दोर धरावा, दुसऱ्याने पट्टा सोडावा आणि वाहन हलकेच मागे ढकलावे. काही क्षणांपूर्वीचे ते धूड आता दोराच्या टोकाशी वासरासारखे चालू लागते.

तरीही इंजिन लगेच सुरू करू नये. आसन उघडून पेट्रोलची वाफ जाऊ द्यावी. पाणी सुमारे तीन फूट खोल होईपर्यंत वाहन हातानेच न्यावे, नाहीतर वाळू आणि खडे झोताच्या यंत्रात ओढले जातात. इंजिन बंद करणाऱ्या कळीची दोरी चालविणाऱ्याने मनगटाला किंवा जॅकेटला अडकवावी. तो पाण्यात पडला की दोरी सुटते आणि यंत्र थांबते. ही दोरी नसेल तर माणूस मागे राहतो आणि वाहन एकटेच पोहणाऱ्यांच्या अंगावर जाऊ शकते.

संध्याकाळी परततानाही तेवढीच दक्षता हवी. १९८८ साली अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा शिंपला आढळला. मूळचा तो काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या परिसरातला. जहाजांच्या टाक्यांतील पाण्याबरोबर तो येथवर आला असे मानतात. पुढच्याच वर्षी तो मिनेसोटातील डुलुथ बंदरात पोहोचला. त्याची पिले डोळ्यांना दिसत नाहीत. ओंजळभर पाण्यातूनही ती एका सरोवरातून दुसऱ्यात जातात. मोठी झाली की नळांना, दगडांना आणि तेथल्या मूळच्या शिंपल्यांनाही चिकटून बसतात. म्हणून त्या राज्याचा कायदा सांगतो की रस्त्यावरून जाताना बूच काढलेले असलेच पाहिजे. वाहनावरचे शेवाळ काढा, आतले पाणी निथळू द्या, दुसऱ्या सरोवरात जाण्यापूर्वी ते पाच दिवस कोरडे ठेवा, असे तेथे सांगितले जाते.

पाहा, तेच एक बूच! उतरताना ते लावावयाचे, ते आपल्या जिवासाठी. निघताना काढावयाचे, ते ज्या सरोवरावर आपण कधी गेलोही नाही त्याच्यासाठी. आपल्या गावचे तळे असो, नदीचा घाट असो वा समुद्राचा किनारा, आपल्याला पाण्याचा आनंद आपल्या आधी येऊन गेलेल्यांच्या काळजीमुळेच लाभतो. काठावरून निघण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहावे. आपल्या मागून येणाऱ्यासाठी तो उतार मोकळा आहे ना, आणि पाणी होते तसेच आहे ना?